ह्युगेटची मिस्सा मोठ्या चर्चमध्ये

क्वेबेकमधल्या आमच्या गावात हिवाळाभर रविवारची प्रार्थना, मिस्सा, वेदीमागच्या झगे-भांडी ठेवायच्या खोलीत होते. चर्च नऊशे माणसांचं, दोन उंच मनोऱ्यांचं. रविवारी येणार सतरा जण. एवढ्यांसाठी चर्च तापवायची भट्टी कोण पेटवणार? माझ्या बायकोला, ह्युगेटला, ती खोली आवडत नसे. "देवाला भेटायला आलोय की त्याच्या कपाटाला?" म्हणायची. जानेवारीत तिची पहिली पुण्यतिथी. ती मिस्सा मोठ्या चर्चमध्येच व्हावी, असा मी हट्ट धरला.

फादर दिदिए काँगोचे. झग्याखाली दोन स्वेटर घालतात. म्हणाले, "साठ माणसं आणा, ओरेल. मग पेटवतो भट्टी."

मेहुणी लिझेट फोनवर खो खो हसली. "दाजी, तुम्ही? प्रवचन सुरू झालं की सिगारेट ओढायला बाहेर पळायचात, तुम्ही माणसं आणणार?"

आणली. बर्फ काढणारे, हॉकीवाले, लाकडाच्या गिरणीतले. वाटाण्याच्या सूपचं आमिष दाखवलं. नेहमीचे सतरा धरून चौसष्ट झाले. सगळे दाराजवळच्या बाकांवर, अंगात कोट तसेच. पहिल्या बाकावर मी एकटा, मागे लिझेट.

तिथे बसल्यावर लक्षात आलं, उठायचं कधी आणि बसायचं कधी हे मला ठाऊकच नाही. ह्युगेट उठली की मी उठायचो. अंदाजाने उठलो. मागे धडधड झाली. सगळे उठले. बसलो, सगळे बसले. नव्यांना माहीत नव्हतं, आणि नेहमीच्यांची खोलीत खुर्च्यांवर बसून बसून सवय मोडलेली. सगळे माझ्याकडे बघून चालले होते. आंधळ्याच्या मागे आंधळे.

"दाजी, आता गुडघे टेका!" लिझेट कुजबुजली. टेकले. मागे पुन्हा धडधड.

मग फादरांनी प्रार्थनेत ह्युगेटचं नाव घेतलं आणि मी उभा राहिलो. ती उठायची जागा नव्हती. अख्खं चर्च उठलं. फादर थांबले.

"बसा ना दाजी, लोक उभे राहिलेत."

मला बसवेना. फादरांनी माझ्याकडे पाहिलं, मागच्या गर्दीकडे पाहिलं, आणि उरलेली प्रार्थना उभ्या चर्चसमोर म्हटली.

नंतर सूप पिताना मी सगळ्यांना सांगितलं, गुडघा अडकला होता. सगळ्यांना पटलं. लिझेटने मात्र माझ्या वाडग्यात आणखी एक पळी वाढली.