लातूरहून येणारी एक ओळ

"परत तुटलं का रं?" पार्वतम्मानं भाकरी थापता थापता विचारलं.

"हाव." चंद्रप्पानं चष्मा काढून डोळे चोळले. पडद्यावर लाल ओळी उतरतच होत्या. एकशे बारा चुका.

"मागल्या खेपेला चार दिसात बसिवलंस की."

"मागल्या खेपेला नुसती बिजागरी बदलली होती, अव्वा. औंदा भिंतच काढली त्यांनी."

शेजारीपाजारी विचारत, तेव्हा त्याची आई पार्वतम्मा सांगायची, "आमचा चंद्रा नव्या घराला जुनं दार बसवतो." याहून सोपं त्यालाही कधी सांगता आलं नव्हतं. संगणकाच्या पोटात कर्नेल नावाचा गाभा असतो. जगभरची शहाणी माणसं दर दोन-अडीच महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती काढतात. डिस्कवर कुठली फाईल कुठे ठेवली आहे हे ओळखणारे तुकडे बहुतेक त्या गाभ्यातलेच असतात, पण एखादा बाहेरून जोडलेला असतो. गाभ्याची मांडणी बदलली की घरच्या तुकड्यांची काळजी घरचे घेतात; बाहेरच्यानं आपलं आपण बघावं.

चंद्रप्पाचा तुकडा बाहेरचा. क्लासेसचा सुकाळ झाला त्या वर्षांत एका कंपनीनं शिकवण्यांचे व्हिडिओ साठवायचे डबे विकले होते, त्या डब्यांच्या डिस्कची मांडणी जगावेगळी. कंपनी बुडाली आणि जाताना तुकड्याचा कोड इंटरनेटवर सोडून गेली. कुणी उचललं तर उचललं. चंद्रप्पा नांदेडच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट होता, लॅबमध्ये तसे दोन डबे होते. त्यानं उचललं. कुणी शिकवलं नव्हतं. चुका वाचत वाचत तो शिकला. दुरुस्त तुकडा तो इंटरनेटवरच्या आपल्या पानावर ठेवी आणि जिथे जिथे तसे डबे होते, तिथली मशीनं तो आपोआप उतरवून घेत. एके काळी अशी एक्केचाळीस ठिकाणं होती. परभणी, उदगीर, लोहा. कुठलं मशीन येऊन गेलं याची पानाच्या नोंदवहीत रोज एकेक ओळ पडे. मग लोक नव्या वस्तूंकडे गेले आणि त्या ओळी गळत गेल्या. गेली सहा वर्षं एकच ओळ उरली होती. लातूर. रोज सकाळी सव्वासहाला ते मशीन विचारी, नवीन आलं का?

तिथून एकदाच पत्र आलं होतं, बारा वर्षांपूर्वी. 'सर, चाललं. शुक्रिया. वकार.' खाली क्लासचा पत्ता. पुढे चंद्रप्पानं तीनदा लिहिलं, सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, माझा भरवसा धरू नका. उत्तर आलं नाही. ओळ येत राहिली.

आता हे काम दोन महिन्यांचं होतं आणि डॉक्टरनं पडद्यासमोर बसणं कमी करा म्हणून बजावलं होतं.

"तिथं कुणी असंल तर करतो," तो म्हणाला. "नसंल तर सोडलं."

"मग एकदा जाऊन बघून ये." पार्वतम्मानं भाकरी तव्यावर टाकली. "आवाज येतो म्हणजे माणूसच असंल, असं न्हाई. तुला ठावं हाय."

ठाऊक होतं. एसटी लोह्याच्या पुढं गेली तेव्हा त्याला तेच आठवत होतं. भूकंप झाला तेव्हा तो वीस वर्षांचा, शिकायला नांदेडला. दुपारी गावात पोचला तर गाव नव्हतं. अव्वाला लोकांनी सकाळीच ओढून काढलेलं, वडील गेलेले, बहीण दानम्मा सापडत नव्हती. आणि घराच्या मागल्या अंगाला, पडलेल्या माळवदाखालून आवाज येत होता. तांब्याच्या घंगाळावर कुणीतरी ठोकत होतं. थांबून थांबून. चंद्रप्पानं दगडावर दगड मारून उत्तर दिलं, तर खालून पुन्हा ठोका आला. नऊ तास त्यानं हातानं माती काढली. निघाली ती शेळी. दाव्याला बांधलेली, घंगाळावर खूर झाडत असलेली. दानम्मा दुसऱ्या दिवशी सापडली, तिथून दोन हातांवर. तिला काही कळलंच नसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. तेवढ्यावर चंद्रप्पानं तीस वर्षं काढली.

शेळी मारायला कुणी धजलं नाही. "जीव हाय ना त्यात," अव्वा म्हणाली होती. नव्या गावातल्या सरकारी घराच्या दारात ती पुढे सात वर्षं जगली.

लातूरच्या ट्यूशन एरियात भिंतीभिंतीवर पोरांचे फोटो आणि खाली त्यांचे गुण. पत्त्यावरच्या इमारतीवरचे फोटो मात्र उन्हानं विटून गेले होते. नुसते दात दिसत होते. दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा वॉचमन बसला होता.

"वकारमियांना भेटायचं होतं."

"वकार? भाचा हाय माझा. कुवेतला गेला की हो, आठ साल झाले. मी जिलानी, त्याचा मामू. काय काम होतं?"

"क्लासचं मशीन बघायचं होतं."

"क्लास कुठं राहिला साहेब? सर गेले पुण्याला. वरतं पोरींचं हॉस्टेल होतं, ते बी दुसरीकडं हलून राहिलं. जुम्म्याला भंगारवाला येणार हाय." बोलता बोलता जिलानी उठलाच होता. "पण तुमी म्हणता ते मशीन हाय. या."

जिन्याखालच्या खोलीत, लाकडी स्टुलावर तो डबा होता. वर फुलाफुलांचा उशीचा अभ्रा. मागं हॉस्टेलच्या नेटची वायर. धुळीचा कण नव्हता.

"जाताना वकार म्हणला, मामू, काय बी करा, याचं बटन बंद करू नका. मी रोज पुसतो. लाईट गेली तं आल्यावर परत लावतो."

"वापरतं कोण याला?"

"ते मला काय ठावं? पण रोज सकाळी सव्वासहाला ही हिरवी बत्ती लई लुकलुकते. म्हणलं, कुठं तरी कुणी शिकून राहिलं असंल." जिलानी जरा पुढं झुकला. "तुमाला म्हाईत असंल. कोण हाय तो?"

चंद्रप्पानं पिशवीतून लॅपटॉप काढला, वायर जोडली. आतली शेवटची फाईल कुणीतरी उघडली होती त्याला आठ वर्षं आणि दोन महिने झाले होते. त्यानंतर मशीननं रोज एकच गोष्ट केली होती. त्याच्याकडे विचारणा.

"हाय एक जण," तो म्हणाला. "नांदेडचा."

"हुशार हाय का पोरगा?"

"न्हाई. पण खाडा करत न्हाई."

"तेच पायजे." जिलानीनं मान डोलावली. "हुशार तं या भिंतीवर लई हायत."

घेऊन जाऊ का म्हटल्यावर म्हाताऱ्यानं पुण्याला फोन लावला. कुठलं मशीन ते सरांना आठवेना; न्या म्हणाले.

"बंद करावं लागंल मग," जिलानी म्हणाला.

"मी करतो. रीतीनं." त्यानं आधी डिस्कचं वाचणं-लिहिणं थांबवलं, सगळं जागच्या जागी बसलं याची खात्री केली, मग आज्ञा दिली. पंखा हळूहळू थांबला. लाईट असूनही खोलीत आवाज नव्हता. जिलानीनं दिवा विझेपर्यंत हात पाठीमागं धरून ठेवले होते, मग अभ्रा डब्याला नीट गुंडाळला. "ह्ये बी राहू द्या. धूळ लई बसते."

एसटीत कंडक्टर म्हणाला, "मामा, मांडीवर काय, लेकरू का?"

"हाव," चंद्रप्पा म्हणाला.

दिवेलागणीला घर आलं. पार्वतम्मा तांदूळ निवडत होती. तिनं आधी त्याच्या हातातल्या अभ्र्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"कोण होतं?"

"शेळीच निघाली, अव्वा."

तिचा हात सुपात थांबला.

"जिती होती का?"

"होती."

"मग उभा काय ऱ्हायलास? बांध की."

त्यानं टेबलाखाली जागा केली, वायर लावली. सकाळी सव्वासहाला ओळ आली. ओळीतलं गाव तेवढं बदललं होतं, लातूरऐवजी नांदेड. चंद्रप्पानं अभ्र्याच्या कोपऱ्यानं चष्मा पुसला आणि एकशे बारातली पहिली चूक उघडली.