कोपऱ्यातली पांढरी गुंडी

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे आणि माझ्या अंगावर शर्ट-कोटांच्या गुंड्या चिकटवलेल्या आहेत. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. पहिल्या दिवशी मलाही माझीच लाज वाटली होती.

तसा मी चारचौघांसारखाच जन्मलो. एका कचेरीत काही वर्षं राबलो, अक्षरं पुसली गेली आणि भंगारात गेलो. तिथून मला एका गॅरेजवाल्या मेकॅनिकने उचललं. मी त्यांना काका म्हणतो. काकू शिवणकाम करायच्या. वैमानिकांचे कोट शिवण्यात त्यांचा हातखंडा होता, पण विमानात त्या उभ्या जन्मात बसल्या नव्हत्या. त्यातच त्यांची नजर जात चालली होती. सुईत दोरा ओवता येईना, तेव्हा त्यांनी मशीनवर झाकण घातलं आणि बोलणंच कमी केलं.

काकांनी घरच्या कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ घातला. मोडीतल्या गाडीचा गिअरचा दांडा टेबलाला बसवून त्याला तारा जोडल्या. तो ओढला की विमानाचं नाक वर. बाकीची कामं माझ्याकडे. काकूंच्या बोटांना ओळखू यावं म्हणून त्यांच्याच डब्यातल्या गुंड्या माझ्या बटणांवर आल्या. चाकांसाठी कोटाची मोठी गुंडी, ब्रेकसाठी हूक, पंखांच्या झडपांसाठी दोन बारीक गुंड्या. कुठे काय लावायचं ते काकूच ठरवायच्या.

पहिल्याच दिवशी विमान आपटलं. काय तो आवाज! काकूंनी हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "आता या हातांचा कशालाच उपयोग नाही."

दुसऱ्या दिवशी काकू आंघोळीला गेल्यावर काकांनी माझ्या उजव्या कोपऱ्यातल्या बटणावर एक छोटी पांढरी गुंडी चिकटवली. ते बटण दाबलं की विमान आपलं आपण उतरायचं. पडद्यावरचे उंचीचे आकडे वाचून दाखवताना काकांनाही खाली बघायला फुरसत नसे, म्हणून ही खूण. त्या कोपऱ्याशी काकूंचं काही काम नव्हतं.

"कॅप्टन, पाचशे फूट," काका वाचायचे. "तीनशे. शंभर. आता हळूच." आणि नेमका तेव्हाच त्यांना खोकला यायचा. माझ्या बटणाचा आवाज त्यात बुडून जायचा. "टेकलं, कॅप्टन. अगदी अलगद टेकलं."

"उतरतानाच कसा हो खोकला येतो तुम्हाला?"

"धास्ती वाटते ना."

काकू खुदकन हसायच्या. मुलीला फोनवर सांगायच्या, आज मी विमान उतरवलं. हळूहळू मशीनवरचं झाकण निघालं आणि त्या चाचपून चाचपून उशांचे अभ्रे शिवू लागल्या. माझे ते सोन्याचे दिवस होते.

मग काका गेले. गॅरेजमध्ये काम करता करताच कोसळले.

मुलगी आईजवळ राहायला आली. काकू तिला म्हणाल्या, "तू बाबांच्या खुर्चीत बस. आकडे वाच." तिने वाचले. विमान आपटलं. पुन्हा आपटलं.

"तू नीट वाचत नाहीस."

"आई, समोर दिसतंय तेच वाचतेय गं."

"बाबा वाचायचे तेव्हा नाही आपटलं ते."

मुलीचे डोळे भरून आले. मशीनवर पुन्हा झाकण पडलं. मला सगळं ठाऊक होतं. एके काळी इतकी अक्षरं अंगावर बाळगली, पण एक शब्द बोलता येईना.

एका दुपारी मुलगी माझ्यावरची धूळ पुसत होती. "आई, या कोपऱ्यात कसली गुंडी आहे?"

काकूंनी ती चाचपली. "ही माझ्या डब्यातली नाही. यांच्या कॉलरची आहे. मीच लावली होती. बघ, भोकात दोरा तसाच आहे."

मुलीने विमान उडवलं आणि धावपट्टी जवळ आल्यावर ती गुंडी दाबली. टक् असा आवाज झाला आणि विमान आपलं आपण उतरलं.

काकूंनी त्या गुंडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "म्हणून खोकायचे." आणि इतक्या दिवसांचं साठलेलं रडू तेव्हा बाहेर पडलं.

डोळे पुसून त्यांनी विमान पुन्हा उडवायला लावलं. मुलीने आकडे वाचले. पाचशे. तीनशे. शंभर. काकूंनी दांड्यावरचा हात काढला आणि पांढरी गुंडी शोधून दाबली. चाकं टेकली.

"छान उतरवलंत, कॅप्टन," काकू त्या गुंडीला म्हणाल्या.

त्यानंतर ते विमान उडालं नाही. मी आता कपाटात असतो. मित्रांनो, घर आवरताना असा विचित्र कीबोर्ड कधी हाती लागला, तर गुंड्या खरवडण्याआधी त्या कोणी कोणासाठी लावल्या, एवढं विचारा. माझ्या बाकीच्या गुंड्या निघाल्या तरी चालतील, कोपऱ्यातली तेवढी राहू द्या. कपाटाचं दार उघडलं की मला अजून वाटतं, आता खोकला ऐकू येईल.