दोनचा भोंगा

राजा कसा पडला हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. चौकातल्या दगडावर कोरलंसुद्धा आहे. त्या दगडावर बॉयलरचं नाव नाही. नसू दे. मी जे केलं ते एका मुलीसाठी केलं, आणि ती मुलगी तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती.

तोफगोळ्यांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं बॉयलर सांभाळला. आग घालायची, पाण्याची पातळी बघायची, दाबाच्या काट्यावर डोळा ठेवायचा आणि पाळी बदलताना साखळी ओढून भोंगा द्यायचा. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. लोक मला भोंगेमामा म्हणत. लढाई सुरू झाली तेव्हा हाताखाली तीन फायरमन होते. पहिल्या वर्षी दोघं भरतीत गेले, दुसऱ्या वर्षी तिसरा. मग बॉयलर उरला आणि मी उरलो. बॉयलरशी माणूस बोलून बोलून किती बोलणार?

तिसऱ्या वर्षी शहरातल्या सगळ्या घंटा उतरवल्या. तोफा ओतायला धातू कमी पडत होता. शाळेची घंटा गेली, बंबखान्याची गेली, मनोऱ्यावरच्या घड्याळाचे टोलही गेले. आता शहराला वेळ कळणार कशी? राजवाड्यातून फर्मान निघालं: यापुढे कारखान्याचा भोंगा हीच राजाची वेळ. शाळा माझ्या भोंग्यावर भरायची, पावाची दुकानं माझ्या भोंग्यावर उघडायची, पुलावरचा पहारा माझ्या भोंग्यावर बदलायचा. भोंग्याआधी पहारा सोडणारा पळपुटा, आणि पळपुट्याला गोळी. भोंग्याआधी पहारा घ्यायलाही कुणी पुढे व्हायचं नाही, कारण एका कप्तानानं तीन मिनिटं आधी तुकडी हलवली म्हणून त्याला थेट आघाडीवर धाडलं होतं. खिशात सोन्याचं घड्याळ असलेला अधिकारीसुद्धा माझ्या भोंग्याची वाट बघत उभा राहायचा. असल्या अकलेनं राज्य चाललं होतं. घोड्यांना दाणा मिळत होता आणि पोरांना भुशाचा पाव.

माझी मुलगी त्याच कारखान्यात, गोळ्यांत दारू भरायच्या खात्यात. त्या दारूनं तिचे हात कोपरापर्यंत पिवळे पडले होते. तिची आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. डबा घेऊन बॉयलरघरात यायची, कोळशाच्या ढिगावर बसून अभ्यास करायची, काटा वाचायची. लेखापाल होईल म्हणायचो मी. झाली दारू भरणारी.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात बायकांनी संप केला. सहाशे बायका फाटकाबाहेर जमिनीवर बसल्या. मागणी काय, तर पावात निदान निम्मं पीठ असावं. उरलेला निम्मा भुसा आम्ही खाऊ, असं त्यांनी अर्जात लिहून दिलं होतं! दोन वाजले आणि मी साखळी ओढली. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. दोन वाजले म्हणून ओढली. बाहेर बसलेल्यांतल्या निम्म्या बायका उठल्या आणि सरळ आत चालत आल्या. एक जण यंत्रापाशी उभी राहून रडत म्हणाली, "मी नाही आले हो, माझे पाय आले." संप तिथेच मोडला. बारा जणींच्या शिधापत्रिका काढून घेतल्या. त्यातल्या एकीचं तान्हं त्याच महिन्यात गेलं.

मुलीनं घरी येऊन आपले कपडे चादरीत बांधले.

"बाबा, एक दिवस. एक दिवस हात खिशात ठेवता आला नाही तुम्हाला?"

"दोन वाजले होते गं."

"वाजू द्यायचे होते."

ती गेली. कामगार बायकांच्या खोलीत सात जणींत आठवी म्हणून राहायला लागली. चौदा महिने ती दिवसातून दोनदा माझ्या खिडकीखालून गेली. तिच्या डोक्याला निळं फडकं असायचं. मी काच पुसून ठेवायचो. काच पुसणारा माणूस आत उभा आहे हे तिला दिसत होतं, आणि तिची मान कधी वळली नाही. घरी मी दोन ताटल्या घ्यायचो आणि एक परत मांडणीत ठेवायचो. किती दिवस? चौदा महिने. माणसाचं डोकं बॉयलरपेक्षा उशिरा थंड होतं.

पुलावरच्या पहाऱ्यातला एक हवालदार गरम पाण्यासाठी माझ्याकडे यायचा. पिकल्या मिशांचा, दात पडलेला. राजा पडला त्या दिवशी तो दुपारी साडेबाराला आला आणि किटली समोर धरून तसाच उभा राहिला.

"मामा, आज काही खरं नाही."

"आता काय झालं?"

"पाच दिवस पाव नाही. बायका निघाल्यात. पूल ओलांडून राजवाड्यावर जाणार. दोनच्या सुमाराला पोचतील."

"तुम्ही अडवणार?"

तो हसला. "आम्ही? आमच्या निम्म्या लोकांच्या बायका त्या घोळक्यात आहेत. परवा कप्तान ओरडला, बंदुका उचला. पोरं बंदुकीकडे बघेनात, कप्तानाकडे बघायला लागली. मुकाट बसला तो. पण दोनला आमची पाळी संपते मामा. मग घोडदळ येतंय. लांबून आणलेत, त्यांचं इथे कुणी नाही. पोटभर जेवू घातलंय. छावणीच्या आवारात खोगीर चढवून तयार उभे आहेत, फक्त भोंगा व्हायचाय."

"त्यांना काय हुकूम आहे?"

"पहिल्या रांगेवर झाडायच्या. पहिली रांग पडली की मागची आपोआप पळते, म्हणतात. पुढे त्या दारू भरणाऱ्या आहेत, पिवळ्या हातांच्या. निळ्या फडक्याची एक पोरगी तर अशी चालतेय, जणू तिच्या बापाचाच पूल आहे... मामा, पाणी सांडतंय."

तो गेला. मी काट्याकडे बघत बसलो. सत्तर दाब होता.

नुसती साखळी न ओढून भागणार नव्हतं. मी नाही ओढली तर साहेब येऊन ओढणार. बॉयलरमध्ये वाफ आहे तोवर भोंगा कुणाच्याही हातानं वाजतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, एवढं मला कळत होतं. पण एकतीस वर्षं ज्या आगीला मी पोटच्या पोरासारखं जपलं, ती हातानं मारायची? अर्धा तास मी तिथेच बसलो होतो. खोटं कशाला सांगू? मला गोळीची भीती वाटत होती. आगीचीही दया येत होती.

सव्वाला उठलो. भट्टीचं दार उघडून सगळे निखारे खाली राखेच्या खड्ड्यात ओढले आणि वर पाणी ओतलं. वाफ सोडायचा नळ उघडला. सत्तर, पंचावन्न, चाळीस. चाळीसच्या खाली भोंगा वाजत नाही. तीस. वीस. मग नळ बंद केला.

दोन वाजून पाच मिनिटांनी कारखान्याचा साहेब धावत आला. त्याला धावताना मी प्रथमच पाहिलं.

"ए भोंग्या! दोन वाजून गेले!"

"वाफ नाही साहेब."

"का नाही?"

"कोळसा बघा. महिनाभर ओली माती येतेय. माती जाळून वाफ झाली असती तर कुंभारांनी आगगाड्या चालवल्या असत्या."

त्यानं मला ढकललं आणि स्वतः साखळीला लोंबकळला. भोंग्यातून म्हाताऱ्याच्या घशातून यावी तशी घरघर आली आणि थांबली. पुन्हा लोंबकळला. तेवढंही आलं नाही.

"तुला गोळी घालतील, कळतंय का?"

"पहारेकरी बदलल्यावरच घालतील ना साहेब? त्यालाही भोंगा लागेल."

 तो टोपी तिथेच टाकून पळाला.

पुढचं मी पाहिलं नाही, हवालदाराकडून ऐकलं. घोडदळ आवारात उभं होतं. त्यांच्या कप्तानानं घड्याळ काढलं, बघितलं, परत ठेवलं. भोंगा नाही तर दोन वाजलेच नाहीत. एक स्वार कारखान्याकडे पिटाळला, एक राजवाड्याकडे, 'दोन वाजले असं समजावं का' हे विचारायला. राजवाड्यात ते ठरवायला चार मंत्री बसले. इकडे बायका पुलावर आल्या. सकाळपासून उपाशी उभ्या असलेल्या पहाऱ्यानं कठड्याला बंदुका टेकवल्या आणि वाट दिली. मंत्र्यांचा निकाल आला तेव्हा बायका पलीकडे होत्या, आणि पहारेकरी त्यांच्यात मिसळले होते. संध्याकाळी राजानं सही केली. सहा पिढ्यांचं राज्य, एक सही. आगगाडीचे तीन डबे भरून सामान आणि कुत्री घेऊन तो मागच्या दारानं गेला.

शहर रस्त्यावर होतं. मी बॉयलरघरात बसून होतो. गार होताना बॉयलर कण्हतो, लोखंड आखडतं तसं टक्‌टक्‌ वाजतं. ते दुसऱ्या दिवशी थांबलं. मग काहीच वाजेना. ती जिवंत आहे एवढं हवालदारानं सांगितलं होतं. ती येईल असं तो म्हणाला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी ती आली. दंडावर पट्टी होती, राजाच्या जागी आलेल्या समितीची. दारातच उभी राहिली.

"भोंगा हवाय. आज दोनला. काम सुरू करायचंय."

"कसलं काम?"

"गोळ्यांचं."

"राजा गेला ना?"

"लढाई नाही गेली." ती दुसरीकडे बघत म्हणाली. "समितीनं ठरवलंय."

म्हणजे पिवळे हात पिवळेच राहणार. फक्त हुकमाखालचा शिक्का बदलला. माझ्या तोंडाशी शिवी आली होती. ती गिळली आणि भलतंच बोललो.

"त्या दिवशी मी आग काढली. मुद्दाम. तू पुढे होतीस म्हणून."

ती हसली. वाईट हसली नाही, थकून हसली. "बाबा, गेले चार दिवस ज्याला विचारावं त्यानं राजाला पाडलंय. पाववाला म्हणतो, लोक पेटावेत म्हणूनच मी पीठ दडवलं होतं. आता तुम्ही. कोळसा संपला म्हणून वाचलो आम्ही, सगळ्यांना माहीत आहे."

"बरं," मी म्हणालो.

"किती वेळ लागेल?"

"गार बॉयलर आहे. चार-पाच तास. आणि मी एकटा आहे."

तिनं पट्टी सावरली, कोपऱ्यातलं फावडं उचललं. मी लाकडं रचून आग धरली. अंगणात कोळसा नव्हता, म्हणून ती राखेच्या खड्ड्यात उतरली आणि तिथलाच विझलेला कोळसा वर टाकायला लागली. मोठे, काळे, चांगले तुकडे. पाच-सहा फावडी झाली आणि ती थांबली. एक तुकडा हातात घेऊन तिनं उलटा केला. अर्धवट जळलेला, पाण्यानं तडकलेला. बराच वेळ तिचं डोकं खाली होतं. मी भट्टीकडे तोंड करून उभा राहिलो. मग फावड्याचा आवाज परत सुरू झाला. 

पाऊण वाजता काटा हलला. दीडला चाळीसवर आला.

"झालं का?" तिनं विचारलं.

"छे. आता समितीचा भोंगा. ऐंशी तरी हवेत."

काटा वाचायला तिला मीच शिकवलं होतं. भोंगा कितीवर वाजतो हे तिला वयाच्या बाराव्या वर्षापासून ठाऊक होतं. तिनं काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि भट्टीचं दार उघडून आणखी एक फावडं आत टाकलं.

मी कोळसा मुठीनं घालायला लागलो. दोन वाजले. दोन वाजून गेले. बाहेर फाटकाशी लोक जमल्याचा गलका येत होता, कुणीतरी तिच्या नावानं हाका मारत होतं. ती खड्ड्यातून काढलेल्या कोळशाच्या ढिगावर बसली होती, गुडघ्यांवर हात ठेवून. मी तिच्याकडे पाठ करून काटा बघत होतो.

पावणेतीनला ऐंशी झाले. ती उठली, फावडं भिंतीला टेकवलं, हात झटकले.

"ओढा," ती म्हणाली.

मी साखळी ओढली. भोंगा थांबला आणि मी वळलो, तेव्हा ती फाटकाकडे निघाली होती.