बुधवारचा अर्ज

घरोघरी जाऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाचा हात चालला पाहिजे. तोंड किती चालावं याला काही नियम नाही. मशीनवाल्याचं दोन्ही चालायचं. "पाणी का गळतंय?" असं कुणी विचारलं, की तो कारखान्यात मशीन कसं जोडतात तिथपासून सुरुवात करायचा. गिऱ्हाइकं बिचारी मान डोलवायची. बायकोने नऊ वर्षं मान डोलवली आणि मग घटस्फोट घेतला. भांडण नाही, तंटा नाही. "मला जरा शांतता हवी आहे," एवढंच म्हणाली.

आठ वर्षांची मुलगी आईकडे राहायची आणि रविवारी बापाकडे यायची. बापाला बुधवारची संध्याकाळही हवी होती. मुलीची आई नको म्हणाली, कारण सातला परत आणायची मुलगी हा गृहस्थ आठ-साडेआठला आणायचा. तेव्हा कोर्टात अर्ज करायचं ठरलं. वकील परवडणारा नव्हता. एका गिऱ्हाइकाने पत्ता दिला: दाताच्या दवाखान्याच्या वरची खोली. दारावर पाटी होती, 'आपली बाजू आपणच मांडा. कशी, ते इथे शिकवतो.'

शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. वीस वर्षं वकिली करून त्यांनी काळा कोट कपाटात टांगला होता आणि आता अर्ध्या-अर्ध्या तासाच्या शिकवण्या घेत होत्या.

"एक आधीच सांगते," ताई म्हणाल्या. "कोर्टात मी आले तरी मागे बसेन. बोलायचं तुम्हीच."

"बोलण्याची काळजीच करू नका."

"मला तीच काळजी वाटतेय. मी तुम्हाला नाव विचारलं होतं, त्याला दहा मिनिटं झाली."

त्याने स्वतःच लिहून आणलेला अर्ज एकेचाळीस पानांचा होता. ताईंनी लाल पेन उघडलं. पहिल्या सहा पानांवर सरळ फुली मारली.

"अहो, ते काढू नका! तिच्या मशीनचा पट्टा तुटला म्हणून तर आमची ओळख झाली!"

"कोर्टाला पट्टा नकोय."

"मग पुढचं कळणार कसं?"

खालून दात कोरायच्या यंत्राची किरकिर आली आणि कुणीतरी "आईगं!" म्हणून ओरडलं. मशीनवाल्यालाही अगदी तसंच वाटत होतं. अर्ध्या तासात अर्ज दोन पानांवर आला. त्यात मुलगी होती, बुधवार होता आणि वेळ होती. बाकी सगळं टोपलीत गेलं.

दुसऱ्या आठवड्यापासून तालीम सुरू झाली. न्यायाधीश म्हणून ताईंनी आपल्या आईला बसवलं. ऐंशीच्या घरातली ती म्हातारी एरवी त्याच खोलीत कोपऱ्यात विणत बसायची. हातात अधिकार येताच तिच्या अंगात न्यायदेवताच संचारली. लोकरीच्या पत्र्याच्या डब्यावर विणायची सुई आपटून ती म्हणाली, "अर्ज फेटाळला!"

"आई, त्याने अजून तोंडही उघडलेलं नाही," ताई म्हणाल्या.

"शर्टाचं बटण तुटलंय. मुलगी काय सांभाळणार हा?"

"न्यायाधीश बटणं बघत नाहीत गं."

"चांगले असले तर बघतात."

ताईंनी त्याला एकच नियम घालून दिला. कोणत्याही प्रश्नाला जास्तीत जास्त तीन वाक्यं, तीही बोटांवर मोजायची. "आणि उशिराबद्दल विचारलं तर सबबी सांगायच्या नाहीत. झाला असेल तर झाला म्हणायचं आणि आता काय बदललंय ते सांगायचं."

"पण प्रत्येक उशिरामागे कारण आहे!"

"असू दे. ते तिथेच मागे राहू दे."

सहा आठवडे घोकंपट्टी चालली. म्हातारीने त्याचा अर्ज नऊ वेळा फेटाळला, एकदा त्याला दंड म्हणून लोकरीचा गुंडा गुंडाळायला बसवलं, आणि शेवटच्या दिवशी शर्टाला बटण लावून दिलं. तोही तोवर तिला "होय आई, नाही आई" करू लागला होता.

तारीख आली. कोर्टाची खोली लहान होती, पंखा हलत होता की फिरत होता ते कळत नव्हतं. मुलीची आईही वकिलाशिवाय आली होती. तिच्या हातात एक वही होती. ताई मागच्या बाकावर बसल्या. न्यायाधीश चांगले धिप्पाड, झुपकेदार मिशांचे.

त्यांनी विचारलं, "अर्जदार आपणच ना?"

मशीनवाला ताडकन उठला. "होय, आई."

कारकुनाने फायलीमागे तोंड लपवलं. ताईंनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि नोंद न घ्यायचं ठरवलं.

"बुधवार का हवा?"

त्याने एक बोट वर काढलं. "रविवारी ती पाहुण्यासारखी येते." दुसरं बोट. "मला शाळेतून दमून आलेली, चिडलेली मुलगीही बघायची आहे." तिसरं बोट. "संपलं."

"तुम्ही बोटं का मोजताय?"

"वाक्यं मोजतोय, साहेब."

मुलीच्या आईने चमकून वर पाहिलं. नऊ वर्षांत या माणसाच्या तोंडून 'संपलं' हा शब्द तिने ऐकला नव्हता. मग तिने वही पुढे केली. न्यायाधीशांनी ती चाळली.

"यांचं म्हणणं, तुम्ही मुलीला अकरा वेळा उशिरा परत आणलंत. खरं आहे?"

"नाही."

ताई बाकावर अर्ध्या उठल्या. मान्य करायचं, मान्य करायचं म्हणून सहा आठवडे घसा कोरडा केला होता!

"बारा वेळा," मशीनवाला म्हणाला. "एकदा तीही बाहेरून उशिरा आली, म्हणून तिला कळलं नाही. आता सातची मुलगी सहालाच घरी निघते आणि वाटेत मी कुणाच्याही मशीनबद्दल बोलत नाही."

मुलीच्या आईने वही परत घेतली. "बारावा कधीचा?" तिने तिथेच विचारलं.

"शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या रविवारचा."

तिने तो वहीत लिहून घेतला आणि लिहिता लिहिता तिला हसू फुटलं. हसू दाबायला गेली तर खोकला आला. न्यायाधीशांनी तिला पाणी द्यायला सांगितलं आणि विचारलं, "बुधवारला तुमची काही हरकत?"

"वेळेत आणणार असेल तर नाही," ती म्हणाली. "आणि रोज इतकंच बोलणार असेल तर..." तिने वही मिटली.

तीन महिने बुधवारी चार ते सात, नंतर पुन्हा बघू, असा हुकूम झाला. ताईंनी घरी जाऊन आईला सांगितलं, तर म्हातारीने नाक मुरडलं. म्हणे मला न विचारता निकाल कसा लागला?

पहिल्या बुधवारी मशीनवाला चारऐवजी सव्वातीनलाच दारात हजर. मुलगी शाळेतून आलीच नव्हती, म्हणून पाऊण तास जिन्यात बसला. ती आली, दप्तर त्याच्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "बाबा, आज काय करायचं?"

कोर्टात काय बोलायचं याची सहा आठवडे तयारी झाली होती. बुधवारी करायचं काय, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यालाही सुचलं नव्हतं.

"मला माहीत नाही गं," तो म्हणाला.

मुलीने जरा विचार केला. "मला भूक लागलीय, आधी काहीतरी खाऊ. मग तू मला सायकलची चेन बसवायला शिकव. पण आधी सायकल म्हणजे काय ते सांगायचं नाही."

"नाही सांगत," तो म्हणाला आणि दप्तर खांद्याला लावून तिच्या मागोमाग जिना उतरू लागला.