पाचशे साठ ग्रेन

लाइलचा बाण ओरिनने सहज हातात घेतला आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. बाण जड होता. त्याने तो ग्रेनमध्ये, म्हणजे गुंजेहूनही बारीक मापात, वजन दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर ठेवला. पाचशे साठ ग्रेन. गेल्या सप्टेंबरात याच काट्यावर लाइलचा प्रत्येक बाण तीनशे ऐंशी भरला होता.

बावीस वर्षं दोघे मोंटानाच्या या डोंगरात एल्क या थोराड हरणाच्या शिकारीला येत होते. लाइल हलक्या बाणाचा भक्त. हलका बाण वेगाने आणि सरळ जातो, अंतराचा अंदाज चुकला तरी सांभाळून घेतो. जड बाण लवकर खाली येतो, पण हाड लागलं तरी आत शिरतो. यावरून दोघांचं दरवर्षी वाजायचं आणि लाइल तसूभर हटायचा नाही.

गेल्या वर्षी ओढ्याकाठी त्याने एका मोठ्या नरावर बाण सोडला होता. पाठीवरून गेला, लागलाच नाही, असं परत येऊन म्हणाला. चार दिवसांनी त्याने दुसरा नर पाडला. त्याची शिंगं आता लाइलच्या घरी भिंतीवर आहेत. तंबूचा नियम मात्र लाइलनेच घातलेला: जनावर जखमी होऊन निसटलं, तर तेच तुझं जनावर. एका जनावराचा तो परवाना, त्यावरची तारीख कापून वापरलेला ठरवायचा आणि उरलेले दिवस चूल सांभाळायची.

नेम चुकलेला माणूस बाण आणखी हलका करतो. जड करतो तो, ज्याचा बाण हाडात अडकलाय.

लाइल पाणी घेऊन आला.

"बाण जड केलेस," ओरिन म्हणाला.

"वय झालं. खांदा दुखतो."

"खांदा दुखला की माणूस धनुष्याचा ताण कमी करतो. मग बाण हलकाच लागतो."

"फौजदार कधी झालास? कॉफी पी."

"बावीस वर्षं माझं डोकं खाल्लंस. आता एकदम अक्कल आली?"

आपला संशय खोटा ठरावा, असं ओरिनला मनापासून वाटत होतं. लाइल खाली बसला. त्याने खिशातून यंदाचा कोरा परवाना काढला आणि चाकूने त्यावरची आजची तारीख कापली.

"गेल्या वर्षी तो नराच्या खांद्याच्या हाडाला लागला," तो म्हणाला. "चार बोटंही आत गेला नाही. अंधार पडेपर्यंत शोधलं रे मी."

मग तो उठला आणि कढईत अंडी फोडू लागला.

"आणि त्याआधीच्या वर्षांतले?" ओरिनने विचारलं. "पाठीवरून गेलेले?"

"ते खरंच पाठीवरून गेले."

ओरिनने मान डोलावली. मग तो एकेक वर्ष आठवू लागला.