ज्याच्या हाती ओगराळं

गल्लीत चष्म्यांचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्यांना सरकार गेल्याचं बरेच दिवस कळलंच नव्हतं. वीज आधीही जायची, टपाल आधीही येत नसे, आणि कचऱ्याच्या ढिगांशी तर त्यांची जुनी ओळख होती. पण नंबरप्लेट नसलेल्या गाड्या गल्लोगल्ली फिरू लागल्या आणि पोलीसचौकीने दाराला आतून कडी लावून घेतली, तेव्हा त्यांच्या पोटात गोळा आला. तो तेव्हापासून तिथेच होता. पोटात दुसरं फारसं काही जात नसल्याने त्याला जागाही ऐसपैस होती.

जे काही जाई ते लाँड्रीतून. कपडे धुवायला कोणी येईना, तेव्हा लाँड्रीवाल्या वहिनींनी चादरी उकळायच्या पिंपात धान्य शिजवायला घेतलं. ज्याच्या घरात जे उरलं असेल ते त्यात पडे: मूठभर डाळ, सुरकुतलेले बटाटे, एकदा तर कोणाच्या तरी पोपटाचं दाणापाणी. त्या पदार्थाला नाव नव्हतं. नावं ठेवायला मात्र अख्खी गल्ली होती. साबणाचा वास काही केल्या जात नव्हता.

पलीकडच्या गल्लीतही असंच पिंप होतं. ते एक निवृत्त मास्तर सांभाळत. एका दुपारी गाडी आली, आतून उतरलेल्यांनी "मुख्य कोण?" असं विचारलं, आणि मास्तरांनी वर्गातल्या सवयीने हात वर केला. त्यांना नेलं ते नेलंच. धान्याला कोणी हात लावला नव्हता, तरी दुसऱ्या दिवशी तिथली चूल पेटली नाही. पेटवणारा मुख्य ठरेल, या भीतीने कोणी काडी ओढेना.

त्यावर या गल्लीने सभा घेतली आणि वकीलकाकांनी तोडगा काढला: मुख्य ठेवायचाच नाही. ज्याच्या हाती ओगराळं, त्या दिवशी त्याचा शब्द. किती वाढायचं, दार कधी लावायचं, भांडणात खरं कोणाचं, सगळं त्याने ठरवायचं. जेवायचं मात्र सगळ्यांच्या शेवटी. पिंप रिकामं झालं की ओगराळं दुसऱ्याच्या हातात द्यायचं, आणि ज्याला मिळालं त्याने नाही म्हणायचं नाही.

"ज्याच्या हाती ससा तो पारधी," काका समारोप करत म्हणाले.

ससाही तोच, हे चष्मेवाल्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं. म्हणून पिंपाचा तळ दिसू लागला की रोज त्यांची कंबर धरायची. काल वहिनींनी त्यांचा हात कमरेपर्यंत पोचायच्या आतच त्यात ओगराळं कोंबलं.

"अहो, एक दिवसाचा तर प्रश्न आहे," बायको सकाळी म्हणाली.

"मास्तरांनाही एकच दिवस लागला."

"मग काय, गल्लीने तुमची कंबर जपत उपाशी बसायचं?"

यावर चष्मेवाल्यांनी चष्मा पुसला. एरवी गिऱ्हाईकाचा पुसत, आता स्वतःचाच.

दुपारी रांग लागली. इस्त्रीच्या टेबलापासून थेट दारापर्यंत. पहिल्या दोन-चार माणसांना वाढून झालं असेल, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. इंजिन बंद झालं. रांगेतलं बोलणं असं थांबलं की पिंपातला बुडबुडा फुटलेला ऐकू आला.

तिघे आत आले. पुढच्याच्या अंगात कातडी जाकीट, मागच्या दोघांच्या खांद्याला बंदुका, त्यातल्या एकाच्या डोक्यावर हेल्मेट.

"मुख्य कोण इथला?" जाकीटवाल्याने विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"त्याचं असं आहे," वकीलकाकांनी घसा साफ केला, "तसं पद आम्ही निर्माणच केलेलं नाही. म्हणजे रोजच्या रोज..."

पुढे त्यांना सुचेना. पण गल्लीला सुचवायची गरज नव्हती. सगळ्यांच्या नजरा आपोआप ओगराळ्याकडे गेल्या. चष्मेवाल्यांनी ते पाठीमागे लपवलं. त्यातलं गरम पाणी त्यांच्या पोटरीवरून बुटात उतरलं, तरी ते हलले नाहीत.

"काय आहे मागे? दे इकडे."

त्यांनी दिलं. दोन्ही हातांनी, वाकून, सत्काराला श्रीफळ द्यावं तसं. बऱ्याच दिवसांत प्रथमच त्यांची कंबर इतकी सुरेख वाकली.

जाकीटवाला ओगराळं उलटसुलट करून पाहू लागला. तेवढ्यात रांगेतली पुढची म्हातारी सरकली. तिला ऐकू येत नसे, आणि दिसतही बेताचंच. रांग, पिंप आणि ओगराळं एवढं तिला कळत होतं. तिने वाडगा पुढे केला.

जाकीटवाल्याने वाडग्याकडे पाहिलं, मग पिंपाकडे. आणि का कोण जाणे, एक ओगराळं वाढलं.

"खालून दे रे बाबा," म्हातारी म्हणाली, "वरचं नुसतं पाणी येतं."

त्याने खालून दिलं.

म्हातारी बाजूला झाली. तिने माणूस ओळखण्यात चूक केली होती. पण तिच्यामागे चष्मेवाल्यांची बायको उभी होती, आणि तिने जे केलं ते चुकून नव्हतं. तिने ताटली दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि पुढे केली. नवऱ्याकडे पाहिलं नाही. जाकीटवाल्याने तिलाही वाढलं. मग रांग सरकली, सवयीने सरकते तशी.

"हा मधे घुसलाय," छापखानेवाला न्हाव्याकडे बोट दाखवून म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. पण तक्रार ओगराळ्याकडे न्यायची, हे जिभेला वळण पडलं होतं.

जाकीटवाल्याने दोघांना पाहून घेतलं. "तू मागे जा," तो न्हाव्याला म्हणाला.

न्हावी निमूट मागे गेला. तिथे हेल्मेटवाला आधीच उभा होता, हेल्मेट हातात उलटं धरून.

पिंप संपलं. वहिनींनी तळाची करपलेली खरवड ताटलीत काढली. "आज तुम्ही वाढलंत," त्या खाली पाहत म्हणाल्या, "म्हणजे शेवटचं तुमचं."

तो उभ्यानेच खाऊ लागला. बराच भुकेला असावा. हेल्मेटवाला बोटं चाटत हसला. "साहेब, जो पिंप चालवतो त्याला उचलायचं असा हुकूम आहे. म्हणजे आता तुम्हालाच न्यायचं का?"

जाकीटवाल्याने चावणं थांबवलं आणि त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने गुपचूप ओलं हेल्मेट डोक्यावर चढवलं. डाळीचा ओघळ कानामागून उतरला. चष्मेवाल्यांना वाटलं, आता गोळी सुटणार. कोणाला लागणार एवढंच ठरायचं होतं.

जाकीटवाल्याने ताटली खाली ठेवली आणि ओगराळं उचललं. "हे आता कोणाला द्यायचं असतं?"

"कोणालाही," वकीलकाका पुटपुटले. "ज्याला दिलं, तो उद्याचा."

तो खोलीभर नजर फिरवत राहिला. ज्याच्यावर नजर जाई तो जमिनीकडे पाही. चष्मेवाल्यांचा हात कमरेकडे निघाला, आणि बायको आपल्याकडे पाहतेय हे दिसताच अर्ध्यावर थांबला. त्या थांबलेल्या हातातच ओगराळं आलं.

"उद्या तू," जाकीटवाला म्हणाला. "मी येतो."

गाडी गेली. तिचा आवाज कोपऱ्यावरून वळून विरला. मग म्हातारीने विचारलं, हा नवा वाढपी कुठला, हात चांगला आहे त्याचा.

चष्मेवाले मोरीत ओगराळं घासायला बसले. घासून लख्ख झालं तरी घासतच होते. बायको शेजारी येऊन टेकली.

"जेवायला येणार की न्यायला?"

"बोलला नाही."

"पळून जायचं का आपण?"

त्यांनी ओगराळं उजेडात धरलं.

"वहिनींना सांग," ते म्हणाले, "उद्या पिंपात पाणी थोडं जास्त घालायचं. तीन माणसं वाढलीत."