माशाच्या दिवशी दूध नाही

तृप्तीनं प्रेमचा सदरा डोक्यावरून ओढून काढला आणि त्याच्या पाठीवर उठलेल्या लालभडक गांधींवर औषध लावायला घेतलं. दवाखान्यातल्या इंजेक्शननं ओठांची सूज उतरली होती, खाज मात्र जायचं नाव घेत नव्हती. सहा वर्षांचं पोर, पण रडणं निम्म्या वाटूर गावाला ऐकू जाईल असं.

"म्हणलं न्हवतं मी?" सासूबाई, सोनूबाई, उंबऱ्यावर बसून पदराचं टोक पिळत होत्या. "ते समुद्राचं खाणं आपल्या लेकराला मानवत न्हाई."

तृप्तीनं दातओठ खाल्ले. तिचं माहेर दापोलीचं. मासा तिथं रोजचाच. इथं गेली तीन वर्षं हेच: महिन्यातून एकदा जालन्याहून बर्फातले बांगडे आणायचे, अंगणातल्या वेगळ्या चुलीवर शिजवायचे, आणि रात्रीच्या आत पोराचं अंग फुललं की साऱ्या घराची बोलणी खायची. रक्ताच्या तपासणीत माशाचं काही निघालं नव्हतं. तो कागद तिनं नवऱ्याला दाखवला, सासूला वाचून दाखवला, शेजारणीलासुद्धा दाखवला. कागदाला कोण विचारतो! पोराची पाठ सगळ्यांना दिसत होती.

"माशाबरोबर त्या दिवशी आणखी काय पोटात जातं, ते बघा," असं डॉक्टरांनी आज बजावलं होतं.

"प्रेम, सकाळपासून काय काय खाल्लंस?"

"भाकर. मासा. भात." त्यानं नाक ओढलं. "आन् आजीनं काजू दिले."

तृप्तीचा हात थांबला.

"आई, काजू कधी देता त्याला?"

"कधी म्हंजे? मासे असले की. माशावर दूध देता येत न्हाई, अंगावर पांढरे डाग पडतेत. मंग लेकरानं दुपारी तसंच झोपावं का? तुझ्याच माहेरून आल्ते ते, चांगले हाएत. मूठभर देते."

"आणि एरवी?"

"एरवी दूध असतंय की."

बोलता बोलता सोनूबाईंचा आवाज खाली आला. त्या नातवाच्या पाठीकडं बघायला लागल्या. तृप्तीला ओरडावंसं वाटलं, हातातली बाटली भिंतीवर आपटावीशी वाटली. तीन वर्षं! पण म्हातारी उठून नातवाच्या पाठीवर फुंकर घालायला लागली होती आणि काजू तृप्तीच्याच आईनं पाठवले होते. इतका संताप आला होता, आणि तो काढायचा कुणावर, हेच तिला कळेना.

तेवढ्यात नवऱ्याचा, कल्याणचा, फोन आला. तो एमआयडीसीत कामावर होता; दवाखान्यातून तिनं त्याला कळवलं होतं. हात औषधानं माखलेले म्हणून तृप्तीनं स्पीकर लावला.

"पुन्हा गांधी उठल्या ना? आजपासून घरात मासा बंद. बिलकुल बंद!"

सोनूबाईंनी फोन ओढून घेतला. "कल्याण, माशानं न्हाई झालं. मी काजू देत व्हते त्याला, त्यानं झालं."

"आई, तू तिला पाठीशी घालू नको. काजूनं कुणाला काय व्हतंय?"

"आरं, खरं सांगून राह्यले मी..."

"राहू दे. मला समदं कळतंय."

फोन बंद झाला. सोनूबाईंचा चेहरा रागानं लाल झाला.

"सख्ख्या आईचं ऐकून बी घेतलं न्हाई गं त्यानं!"

"मला तीन वर्षं झाली, आई," तृप्ती म्हणाली.